सागवानाच्या घरात फोमचा ठोकळा

माझा नवरा सुतार आहे, आणि सुतारातही सागवानाचा सुतार. मोहर्लीच्या आसपासच्या रिसॉर्टांमधले पलंग, आरामखुर्च्या, दिवाणखान्यातली कपाटं, यातलं बरंच काम त्याच्या हातचं. प्लायवूडला तो लाकूड म्हणतच नाही, पुठ्ठा म्हणतो. आमच्या घरात पलंग सागवानाचा, भिंतीतल्या देवळीची चौकट सागवानाची, पाण्याच्या माठावरचं झाकणसुद्धा सागवानाचं. उशीत मात्र काटेसावरीचा कापूस, तोही त्यानेच झाडाखाली वेचून आणलेला. अशा माणसाच्या घरात मी फोमचा ठोकळा आणला. तोही उड्या मारायला, आणि वयाच्या पंचेचाळिशीत.

मी ताडोब्यात गाइड आहे. सकाळी गेट उघडलं की जिप्सीत ड्रायव्हरशेजारी बसायचं, पर्यटकांना जंगल दाखवायचं, वाघ दिसला तर हळू बोला म्हणून सांगायचं आणि नाही दिसला तर त्यांची समजूत घालायची. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड असतं. पावसाळ्यात आतलं जंगल बंद असतं, तेव्हा मी सावली गावाला माहेरी जाते आणि रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, लागते. धानाचा रोवणा चुकवला तर माझ्या आईला वाटतं लेक मोठी साहेबीण झाली. अशाच एका रोवण्यात डोक्यावर रोपांच्या पेंढ्या घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना माझा पाय घसरला. शरीर एकीकडे वळलं, पाय चिखलात तसाच रुतून राहिला, आणि गुडघ्यात काहीतरी मोडल्याचं मला स्वतःलाच ऐकू आलं.

गुडघ्यातली दोरी तुटली, असं डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं. ऑपरेशन झालं. त्या वर्षीचा अख्खा सीझन मी घरात बसून काढला. पहाटे कोतवाल पक्षी ओरडला, चितळाची हाक आली, की मी अंथरुणातून कान टवकारायची. हाक कुठल्या बाजूची, वाघ पाण्याकडे निघाला की परत फिरला, सगळं कळायचं आणि जाता यायचं नाही. आमच्या गाडीचा ड्रायव्हर, ज्याच्यासोबत मी वर्षानुवर्षं फिरले, तो भाऊ संध्याकाळी चहाला यायचा आणि आज काय दिसलं ते सांगायचा. मला बरं वाटावं म्हणून सांगायचा बिचारा. मला मात्र त्याचा हेवा वाटायचा, चहा कडू लागायचा.

त्याहून वाईट म्हणजे हात. कुठेही गेलं की कोणीतरी हात पुढे करायचं. विहाराच्या पायऱ्या चढताना हात, बसमधून उतरताना हात, मोरी ओलांडताना हात. विहारात सगळ्या बाया खाली मांडी घालून बसायच्या आणि मी म्हाताऱ्यांच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर. सगळ्यात जास्त हात नवऱ्याचे. मी उठायला लागले की त्याचा हात आधीच तिथे हजर. माया होती, हे मला दिसत होतं. पण मायेनेही माणूस वैतागतो.

गेटवरच्या गाइडांनी माझा नंबर ठेवला होता. आमच्यात पाळीने नंबर लागतो, आणि नव्या पोरी रांगेत उभ्या असतात. मी त्यांना निरोप पाठवला की गेट उघडेल त्या दिवशी मी येईन. नवऱ्याला मात्र पूर्ण गोष्ट सांगितली.

"मले हात देऊन गाडीत चढवा लागलं, तं मी नंबर सोडून देईन," मी म्हटलं. "मंग घरीच बसन."

मी बोलले की ते करते, हे त्याला लग्नापासून माहीत आहे.

चंद्रपूरची फिजिओथेरपीवाली मुलगी माझ्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. हसून बोलायची आणि हसतहसत घाम काढायची. चालणं आलं, जिना आला, तरी जिप्सीच्या पायरीएवढ्या उंचीवर पाय टाकायची वेळ आली की मी आधी काहीतरी धरायला शोधायची. ती म्हणाली, आता गुडघा बरा आहे, भीती डोक्यात आहे, आणि उडी मारता आली की पाय पुन्हा स्वतःवर विश्वास ठेवील. तिच्याकडे कोपऱ्यात एक काळा फोमचा ठोकळा होता. त्यावर आधी नुसतं चढायचं, मग दोन्ही पायांनी हलकी उडी घ्यायची. तिने नवऱ्यालाही समोर उभं करून बजावलं की हे शिकताना तुम्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. तुमचा हात दिसला की बाईंचा पाय आळशी होतो. नवऱ्याने तिथल्या तिथे हात मागे बांधले, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे.

दर आठवड्याला चंद्रपूर परवडणारं नव्हतं, म्हणून ती म्हणाली असा एक ठोकळा घरीच घ्या. नवऱ्याने तो निघण्याआधी तपासला. लाकूड पारखायची त्याची सवय म्हणजे बोटाच्या सांध्याने ठोकून आवाज ऐकायचा. त्याने ठोकळ्यावर ठोकलं. आवाजच आला नाही. त्याने पुन्हा ठोकलं, कान जवळ नेला, मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला फसवून आणलं होतं.

"थे गादी हाय," तो बसमध्ये म्हणाला. "गादीवर कोणी उड्या मारते का बाप्पा?"

दोन दिवसांनी तो मागच्या शेडमध्ये काहीतरी करायला लागला. मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने अंगणात एक सागवानाची पेटी आणून ठेवली. कुठल्याशा रिसॉर्टच्या पलंगातून उरलेल्या फळ्यांची, एकही खिळा नसलेली, खाचा एकमेकींत बसवलेल्या, वरून असं पॉलिश की त्यात पपईच्या झाडाची सावली दिसत होती. गाडीच्या पायरीएवढीच उंच, तो म्हणाला, बांबूने मापून आणली आहे. इतकी देखणी वस्तू आमच्या घरातही दुसरी नव्हती. मी लगेच चढून पाहिलं. चांगला पाय वर गेला, दुखरा मागून येताना पॉलिशवर सरकला आणि नडगी कडेवर आपटली. कातडी सोलली गेली. लाकूड चांगलं असेल तर कडही चांगलीच असते.

जखम काही मोठी नव्हती. पण त्यानंतर मला त्या पेटीकडे पाहिलं तरी गुडघ्यात कळ यायची. मी पुढे काय म्हणाले ते आठवत नाही, चांगलं काही म्हटलं नसणार. नवऱ्याने नडगीला हळद लावली, पेटी उचलली आणि शेडमध्ये नेऊन ठेवली. मग मी नागपुरात शिकणाऱ्या मुलीला फोन केला की फोमचाच ठोकळा बघ.

मुलीने मोबाइलवर एकामागून एक ठोकळे पाठवले. मला वाटलं होतं ठोकळा म्हणजे ठोकळा. तिथे तर सोयरिकीसारखा प्रकार होता, वरून सगळे सारखे आणि आत काय ते घरी आणल्यावर कळणार. काही आतून नुसते मऊ, पाय टाकला की खचणारे. काहींच्या आत लाकडाचा सांगाडा आणि वर फोमचा पातळ थर. काही म्हणजे तीन-चार चपटे थर एकावर एक, मध्ये पट्टीने चिकटवलेले, पाहिजे तेवढी उंची करून घ्या. आणि काही एकसंध, ज्याच्या तीन बाजूंची उंची वेगवेगळी, नुसता आडवा-उभा फिरवला की झालं.

नवरा म्हणायचा मला या गादीशी देणंघेणं नाही, पण मोबाइल माझ्या हातात आला की तो पाणी प्यायला माझ्या मागूनच जायचा. थरांचा ठोकळा पाहून तो पहिल्यांदा बोलला. जोड जितके जास्त तितकी वस्तू डुलते, आणि डुलली की तू पडशीन. मला पटलं. लाकडाच्या सांगाड्याच्या ठोकळ्यावर त्याचा जीव जडला होता, पण ते लाकूड म्हणजे प्लायवूड आहे हे कळल्यावर त्याने तोंड फिरवलं. मी लोकांनी लिहिलेले अनुभव वाचत बसायची. एकाचं कव्हर महिन्यात शिवणीवर फाटलं होतं, एकाचा ठोकळा फरशीवर पळत होता, आणि एका बाईने लिहिलं होतं की फोमचा वास महिनाभर गेला नाही पण नडगी शाबूत आहे. त्या बाईवर माझा लगेच विश्वास बसला.

शेवटी आम्ही एकसंध, आतून घट्ट, तीन उंचींचा ठरवला. कव्हर चकाकी नसलेलं, पाय न सरकणारं, आणि वजन असं की उडीला हलू नये. सोळा, वीस आणि चोवीस इंच. नवऱ्याच्या बांबूच्या खुणेप्रमाणे सोळाची बाजू माझ्या कामाची होती, बाकीच्या फुकट जाणार म्हणून तो हळहळला. रंगावरून मुलीशी वाद झाला. तिला गुलाबी हवा होता, म्हणे घर उजळेल. मी सवयीने हिरव्यावर बोट ठेवलं, कारण जंगलात भडक रंग चालत नाही. घरात कोणता वाघ तुला पाहणार आहे, तिने विचारलं. तरी मी हिरवाच घेतला.

एवढं मोठं पार्सल आमच्या गावापर्यंत येईना. ते चंद्रपूरला आलं, आणि नवरा ते एसटीने घेऊन आला. प्रवासाचं वर्णन त्या बसमधून आलेल्या शेजारणीनेच मला केलं. कुणी म्हणे कूलर आहे, कुणी म्हणे नाटकाचं सामान आहे, नाटक कंपन्यांच्या वडशावरून आलंय. एका म्हातारीने न विचारता त्यावर बूड टेकलं आणि उतरेपर्यंत उठली नाही. माझा नवरा मात्र पूर्ण रस्ता त्या गादीभोवती हात टाकून बसला होता, कुठल्या वळणावर पडू नये म्हणून. घरी येऊन त्याने ती ओसरीत ठेवली आणि वास येऊन राह्यला एवढंच बोलला.

उन्हं कमी झाली की माझा सराव चालायचा. आधी पाय टाकून चढणं, मग दोन्ही पायांनी अगदी लहान उडी. नवरा समोर उभा, हात पाठीमागे. मी वाकडी झाले की त्याचे खांदे पुढे यायचे, पण हात सुटायचे नाहीत. फोम पायाखाली जरासा दबतो आणि पाय झेलून घेतो. तो झेलण्याचा अनुभव आला की अंगातली धास्ती हळूहळू उतरते. पावसाळा संपत आला तेव्हा मी सोळाच्या बाजूवर न थांबता उडी घेत होते. त्या दिवसांत मी फार खूश होते. स्वयंपाक करतानाही मी मधेच येऊन एक उडी मारून जायची.

गेट उघडायला आठवडा राहिला तेव्हा ड्रायव्हर भाऊने जिप्सी बाहेर काढली. पावसाळाभर ती त्याच्या घरामागे उभी असते आणि तिच्यावर दरवर्षी कोहळ्याचा वेल चढतो. वेल काढला, चाकांत हवा भरली, गाडी धुतली, आणि त्याने मला बोलावलं. मी नवऱ्याला घेऊन ऐटीत गेले. पाय उचलला तर तो पायरीखालीच लागला. पुन्हा उचलला. मला वाटलं गुडघ्याने दगा दिला, आणि दोघांदेखत डोळ्यांत पाणी आलं. माझा हात आपोआप गाडीच्या दांडीकडे गेला, आणि तो तिथे गेलेला पाहून मी परत घरी निघाले.

नवरा मागे राहिला. त्याने बांबू आणून गाडीला लावला. खूण चार बोटं खाली होती. तेव्हा उलगडा झाला. त्याने माप घेतलं ते भर पावसाळ्यात, वेलाखाली उभ्या गाडीचं. चाकांतली हवा गेलेली, आणि आमच्या काळ्या मातीने चाकं खाली ओढून घेतलेली. आयुष्यभर ओळंबा लावून काम केलेला माणूस, त्याला जमीन म्हणजे जमीन. जमीनच गाडी गिळत असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. दरवर्षी रुतलेल्या गाड्या पाहणाऱ्या माझ्याही आलं नाही.

गुडघा धड आहे हे कळून सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. मी ठोकळा वीसच्या बाजूवर फिरवला, समोर उभी राहिले, आणि पाय जमिनीला चिकटले. दोन दिवस तेच. चार बोटांचा फरक, पण त्या सोललेल्या नडगीला तो बरोबर आठवत होता. मला खरंच वाटायला लागलं की नंबर सोडावा लागणार. तिसऱ्या दिवशी मी अशीच ठोकळ्यासमोर उभी असताना नवरा म्हणाला की एवढं कायले, गाडीले एक पायरी लावून देतो.

"मले पायरी नाई लागत," मी म्हटलं, आणि रागात उडी मारली.

बोटं कडेला अडकली. मी पुढे तोंडावर आपटले, म्हणजे छातीखाली ठोकळा आणि मी त्यावर पोत्यासारखी आडवी. सागवान असतं तर दात गेले असते. फोम दबला, मला धरलं, आणि कुठेही खरचटलं नाही. मी डोकं वर करून पाहिलं तर नवऱ्याचे हात पाठीमागेच होते, पण चेहरा असा की मला हसू फुटलं. मग तोही हसला. मी उठले, साडी खोचली आणि हसू ओसरायच्या आत पुन्हा उडी घेतली. दोन्ही पाय वर. मी त्या हिरव्या ठोकळ्यावर उभी राहिले आणि आमचं छप्पर मला जरा जवळून दिसलं.

"गादी चांगली हाय," तो म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

गेट उघडलं त्या सकाळी धुकं होतं. नवरा गेटवर कधी येत नाही. त्या दिवशी आला, म्हणे तिथल्या पाटीची चौकट ढिली झाली आहे ती पाहायची आहे. चौकटीला काही झालेलं नव्हतं. गाइड, ड्रायव्हर सगळे होते, आणि कोणी मुद्दाम माझ्याकडे पाहत नव्हतं, म्हणजे सगळे पाहत होते. मी जिप्सीजवळ गेले. दांडीला हात लावला नाही. पाय टाकला, अंग वर घेतलं, आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. एवढंच झालं, पण त्यासाठी वर्ष गेलं होतं. ड्रायव्हर भाऊ समोर बघत म्हणाला की बाई, वाघीण नाल्याकडे आहे, लवकर निघू.

निघता आलं नाही. आमच्या गाडीत बाहेरगावचं एक कुटुंब होतं, आणि त्यांच्या आजी पायरीशी अडल्या होत्या. मुलगा वरून हात देत होता, सून खालून. आजींचा चेहरा मी ओळखला. वर्षभर तोच चेहरा माझा होता.

"मला नाही जमायचं रे," त्या हळू म्हणाल्या. "तुम्ही जाऊन या. मी इथे बसते."

मी मदतीला कोणी दिसतंय का म्हणून बाजूला पाहिलं, आणि चहाच्या टपरीआड नवरा दिसला. त्याच्या पायाशी एक पोतं होतं आणि पोत्यातून सागवानाचा कोपरा बाहेर आला होता. माझी पेटी. कापून अर्धी केलेली, पॉलिश सगळं खरवडून काढलेलं, वर पाय सरकू नये म्हणून बारीक खाचा. आणि जिने माझी नडगी सोलली होती ती कड चारी बाजूंनी घासूनघासून गोल केलेली. मी नाही म्हटलं तरी त्याने पायरी केली होती. मला चढता आलं नसतं तर कोणाचा हात माझ्यापुढे येण्याआधी ती तिथे ठेवायची, म्हणून तो ती पोत्यात लपवून घेऊन आला होता. मी चढले, तेव्हा त्याने पोत्याचं तोंड बंद करायचा प्रयत्न केला असणार.

एरवी मी चिडले असते. चिडायला माझ्याकडे कारण होतं. पण आजी अजून पायरीशीच उभ्या होत्या.

"आना थे इकडं," मी म्हटलं.

त्याने पेटी आणून पायरीखाली ठेवली, सवयीने बोटाच्या सांध्याने ठोकून पाहिली, आणि मागे सरकला. मी आजींच्या मुलाला आणि सुनेला हात मागे घ्यायला सांगितलं. आजींनी पेटीवर एक पाय ठेवला, मग दुसरा, क्षणभर थांबल्या, आणि कोणालाही न धरता गाडीत येऊन बसल्या. बसल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि काही झालंच नाही अशा थाटात जंगलाकडे पाहायला लागल्या.

गाडी सुरू झाली. नवरा तसाच उभा होता, शिकवल्याप्रमाणे हात पाठीमागे बांधून.

"आता सोडा हात," मी वरून म्हटलं.

त्याने हात सोडले. मग त्या मोकळ्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने वाकून पेटी उचलली आणि ती छातीशी धरून आमची गाडी आत जाईपर्यंत तिथेच उभा राहिला.